उत्तराचा रकाना

"उघड की चिठ्ठी," पाळकसाहेब म्हणाले. "आत काय विंचू आहे का?"

दानाच्या मखमली पिशवीतून काढलेली चिठ्ठी मी मुठीतच धरून ठेवली होती. उघडली. 'विरोधक' असं लिहिलेलं होतं, माझ्याच पप्पांच्या वळणदार अक्षरात. तरुण संघाची पोरंपोरी खिदळायला लागली. कुणीतरी म्हणालं, "घ्या, मास्तरांच्या घरातच लागली." पप्पाही हसले. मला मात्र हसू आलं नाही, आणि ते का आलं नाही हे त्या देवळात फक्त मला आणि आईला माहीत होतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. चांदेगाव म्हणजे नगर जिल्ह्यातलं आमचं गाव, देऊळ म्हणजे आमचं चर्च, आणि पाळकसाहेब म्हणजे तिथले धर्मगुरू. आमच्याकडे ख्रिस्ती माणसंही देऊळच म्हणतात, त्यात काही गैर नाही. नवी बाजरी आली की हंगामाचा सण असतो. लोक कणसांच्या पेंढ्या, भोपळे, कोंबड्या असं जे पिकलं-निपजलं ते देवळात आणून वाहतात. या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी चार वाजता, आमच्या देवळात सवाल-जवाब व्हायचा. तो काही जुना रिवाज नव्हता. नऊ वर्षांपूर्वी पप्पांनीच काढला होता. आपली पोरं शिकायला, नोकरीला बाहेर जातात, तिथे कुणी नास्तिक भेटला आणि त्याने देवाबद्दल आडवंतिडवं विचारलं तर पोरांची दातखीळ बसू नये, हा त्यामागचा हेतू. चिठ्ठी टाकून एकाला विरोधक करायचं. त्याने तासभर नास्तिकाचं सोंग घ्यायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं द्यायला समर्थक मात्र दरवर्षी एकच, शाळेचे हेडमास्तर दाविद ओहोळ, म्हणजे माझे पप्पा. शेवटी विरोधकाने उभं राहून म्हणायचं, "मी निरुत्तर झालो." मग टाळ्या, गीत, चहा आणि शेव.

पहिले दोन प्रश्नसुद्धा पप्पांनीच एका वहीत लिहून ठेवले होते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर. शत्रूची तलवारही आपणच बोथट करून त्याच्या हातात द्यायची, असा सगळा कारभार. तिसरा प्रश्न तेवढा विरोधकाच्या मनाचा. त्याच्या आदल्या वर्षीच्या विरोधकाने मनाने विचारलं होतं, स्वर्गात बाजरीची भाकरी मिळेल का. त्यावर पप्पा पंधरा मिनिटं बोलले होते.

मी एकोणीस वर्षांची, नगरच्या कॉलेजात सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. खरं सांगायचं तर मला सोंग घ्यायची गरजच नव्हती. दीड वर्षापासून माझा देवावरचा विश्वास उडाला होता. मला कुणी फितवलं नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे पोर बिघडलं की आधी संगत शोधतात. वसतिगृहात रोज गुडघे टेकून प्रार्थना करायचे. एक दिवस लक्षात आलं की जे बोलतेय ते मलाच ऐकू येतंय, दुसऱ्या कुणाला नाही. दोन-तीन महिने वाट बघितली, की पुन्हा काही वाटतं का. नाही वाटलं. मग गुडघे टेकणं बंद केलं, एवढंच.

आईला सांगितलं होतं. ती भाकऱ्या थापत होती, हात थांबवला नाही तिने. म्हणाली, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण त्यांना सांगू नको. त्यांचं सगळं त्या एका साक्षीवर उभं आहे. ती हलली तर माणूस मोडेल."

साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. पप्पांची साक्ष म्हणजे मी. चौऱ्याहत्तर साली मी नऊ वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला होता. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा पप्पा देवळाकडे फिरकतसुद्धा नसत, पत्त्यांचा डाव सोडून ते फक्त जेवायला उठायचे. पण माझ्यासाठी मंडळीने दोन दिवस उपास धरून प्रार्थना केली, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दिवसापासून पप्पांनी पत्ते सोडले, मोठ्या शाळेतली बदली नाकारली आणि देवळाला वाहून घेतलं. दर सणाला ते ही हकीकत सांगायचे, आणि "ताप उतरला" म्हणताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून यायचा. मी पुढच्या बाकावर बसून ऐकायचे. लोक माझ्याकडे बघायचे, जणू मी भोपळ्या-कोंबड्यांबरोबर वाहिलेली एखादी वस्तू आहे.

चिठ्ठी निघाली त्या दिवशी, बुधवारी, पप्पांनी मला प्रश्नांची वही काढायला देवळातल्या कपाटाकडे पाठवलं. ती वही खाली होती. तिच्यावर एक जाड रजिस्टर होतं, प्रार्थना वही. आजारी माणसांची नावं त्यात लिहितात आणि रविवारी वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. तीन रकाने असतात, नाव, कारण आणि उत्तर. मी सहज चाळायला घेतलं आणि चौऱ्याहत्तरचं पान काढलं, स्वतःचं नाव बघायला. माणसाला तेवढी हौस असतेच.

सापडलं. पान बघून वही मी कपाटात परत ठेवली, पण तिथून हलले नाही. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मग पुन्हा काढली आणि पुढची दहा वर्षं पान-पान बघितली. घरी गेल्यावर पप्पा म्हणाले, "एक वही आणायला एवढा उशीर?" मी म्हटलं, "धूळ होती."

शनिवारी दुपारी निघताना पप्पा कोट चढवत म्हणाले, "शुलू, शेवटचं वाक्य खणखणीत म्हण बरं का. माझी पोरगी म्हणून लोक जरा जास्तच बघतील."

"आणि उत्तर पटलं नाही तर?"

"नऊ वर्षांत कुणाला पटलं नाही असं झालंय का?"

"नऊ वर्षांत कुणी सांगितलं नसेल."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," आई आतून म्हणाली. तिच्या आवाजात दम कमी आणि विनवणी जास्त होती.

देऊळ गच्च भरलं होतं. बाप-लेकीचा सामना बघायला शेजारच्या वाडीवरूनही माणसं आली होती. दुसऱ्या दिवशी वाहायच्या कोंबड्या वऱ्हांड्यात पाय बांधून ठेवलेल्या. पप्पा एका बाजूच्या टेबलामागे, मी दुसऱ्या. मधे पाळकसाहेब, त्यांच्यापुढे घड्याळ.

मी पहिला प्रश्न वाचला. देव दिसत नाही, मग तो मानायचा कसा?

पप्पांचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. "वारा दिसतो का? नाही. पण बाजरी वाकते. बाजरी वाकली की आपण म्हणतो, वारा आहे."

लोकांनी माना डोलावल्या. इथे विरोधकाने गप्प बसायचं असतं. मी म्हटलं, "पण वारा आला की बांधाच्या अलीकडची बाजरी वाकते आणि पलीकडचीही वाकते. एकाच्याच शेतात वारा आणि शेजारच्या शेतात ताटं सरळ उभी, असं कधी बघितलंय का कुणी?"

मागून एक म्हातारा म्हणाला, "नाही बुवा." लोक हसले. पप्पांच्या भुवया वर गेल्या, पण त्यांना गंमत वाटली असावी. त्यांनी मला बोटाने खूण केली, चालू दे.

दुसरा प्रश्न, हे जग कुणी केलं कशावरून? पप्पांनी पाळकसाहेबांसमोरचं घड्याळ उचललं. "हे बघा. घड्याळ आहे म्हणजे ते करणारा कुणीतरी आहे. आपोआप झालेलं नाही."

"कबूल," मी म्हटलं. "पण घड्याळ मागे पडलं की आपण ते दुकानात नेतो आणि विचारतो, हे असं का चालतं. देवाच्या घड्याळाबद्दल तसं विचारलं की म्हणतात, तुझाच विश्वास मागे पडलाय."

आता हसणारे कमी झाले. पाळकसाहेब म्हणाले, "शुलमिथ, वेळ थोडा आहे. तिसरा."

मी वही मिटली. "प्रार्थना वहीत चौऱ्याहत्तर सालच्या पानावर एका दिवशी दोन नावं लिहिली आहेत. दोघी नऊ वर्षांच्या. दोघी एका बाकावर बसायच्या, एका विहिरीचं पाणी प्यायच्या. दोघींना मुदतीचा ताप. दवाखाना एक, मंडळी एक, दोन दिवसांचा उपासही एकच. पहिल्या नावापुढे, उत्तराच्या रकान्यात, लिहिलंय, 'ऐकली. देवाचे उपकार.' अक्षर पप्पांचं आहे. ते नाव माझं. दुसऱ्या नावापुढे काहीच नाही. ते नाव रिबका गोर्डे. मी पुढची सगळी पानं बघितली. जो बरा झाला त्याच्यापुढे 'ऐकली'. जो गेला त्याचा रकाना मोकळा. माझा प्रश्न एवढाच आहे. रिबकाचा रकाना मोकळा का?"

बोलले आणि तिसऱ्या बाकाकडे नजर गेली. खिडकीजवळ मार्थामावशी बसली होती, रिबकाची आई. दरवर्षी ती तिथेच बसायची. दहा वर्षं मी पप्पांची साक्ष ऐकली, पण एकदाही मान वळवून तिच्याकडे बघितलं नव्हतं. मला ब्रह्मांड आठवलं. तिला एका शब्दाने न विचारता तिची मेलेली पोर मी वादात ओढली होती, टाळ्या घ्यायला. वहीचं पान बघितलं तेव्हा मी हादरले होते हे खरं. पण नंतरचे तीन दिवस मी वाक्यं घोटत बसले होते हेही खरं.

पप्पांनी चष्मा काढला. "देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत," ते म्हणाले. "काही वेळा तो हो म्हणतो. काही वेळा नाही म्हणतो. तेही उत्तरच असतं."

"मग तसं लिहायचं होतं, पप्पा. 'नाही म्हणाला' असं. मोकळा का सोडलात?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला, पुन्हा काढला. मी पप्पांना इतकं उघडं पडलेलं कधीच बघितलं नव्हतं.

पाळकसाहेब उठले. "पुरे. सवाल-जवाब झाला. शुलमिथ, वाक्य म्हण आणि बस."

तीन शब्द होते. म्हटले असते तर गीत झालं असतं, चहा झाला असता, दुसऱ्या दिवशी पप्पा साक्ष द्यायला उभे राहिले असते आणि सगळं होतं तसं राहिलं असतं. आईने पदर तोंडात धरला होता. खोटं कशाला सांगू, मी म्हणणार होते. पप्पांचा चेहरा बघून माझी सगळी अक्कल वितळली होती. मी तोंड उघडलं.

"थांब गं," मार्थामावशी म्हणाली.

ती उठली. बारीक चणीची बाई, कधी चारचौघांत बोललेली नाही. पुढच्या बाकाला धरून उभी राहिली.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हटलं. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "ते आपण नंतर बघू. आता मला बोलू दे. मास्तर, पोरीचं नाव या देवळात दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी घेतलं. तुम्ही दर सणाला उभे राहता. शुलू वाचली, मलाही आनंदच आहे. माझ्याही मांडीवर खेळलीय ती. पण तुम्ही म्हणता, मंडळीने कळकळीने मागितलं म्हणून देवाने दिलं. मी घरी जाते आणि विचार करते, मी कळकळीने मागितलं नाही का? तुम्ही दोन दिवस उपास धरला, मी पाच दिवस अन्नाचा कणसुद्धा घेतला नव्हता. कुठे कमी पडले मी? दहा वर्षं मी तेच शोधतेय. त्या आठवड्यात कुणाशी खोटं बोलले का, कुणाचा राग धरला का. एकदा शेजारणीला पीठ नाही म्हटलं होतं. वाटायचं, त्यामुळेच असेल."

"मी देव सोडलेला नाही," ती म्हणाली. "उद्या माझाही भोपळा असणार आहे. पण शुलीने विचारलं ते मला विचारायचं होतं. माझी छाती झाली नाही." आणि ती खाली बसली.

पाळकसाहेबांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा टेबलामागून बाहेर आले आणि तिसऱ्या बाकापाशी जाऊन उभे राहिले. वर्गात पाठ विसरलेलं पोर उभं राहतं ना, तसे हात खाली सोडून.

"मार्थाबाई," ते म्हणाले, "मी निरुत्तर झालो."

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. गीतही कुणी सुरू केलं नाही. वऱ्हांड्यातली एक कोंबडी तेवढी कलकलली. मग मार्थामावशी सरकली, बाकावर जागा केली आणि म्हणाली, "बसा, मास्तर." ते बसले.

त्या दिवशी घरी आल्यावर पप्पा जेवले नाहीत. आई मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती भांडी आवरत राहिली. मला वाटत होतं, मोडला माणूस, आणि त्याला मोडलं ते मी.

रविवारी सकाळी मी देवळात जाणार नव्हते. आईने माझी साडी पलंगावर आणून टाकली. "मोडलंस ना, मग बघायलाही ये," म्हणाली.

उपासना झाली, वस्तू वाहून झाल्या. पाळकसाहेब घाईने म्हणाले, "यंदा साक्षीला वेळ नाही." पण पप्पा उभे राहिले होते.

"मी थोडकंच बोलतो," ते म्हणाले. "माझी मुलगी आजारी होती, ती बरी झाली. मला फार आनंद झाला, अजून होतो. ती का बरी झाली ते मला ठाऊक नाही. दहा वर्षं मी ठाऊक असल्यासारखा बोललो. ते बोलताना या देवळात कुणाला काय होत असेल, हे मी पाहिलं नाही. मी देवाचे उपकार मानतो, ते मानतच राहीन. पण माझी साक्ष अर्धीच होती. उरलेली अर्धी मार्थाबाई सांगतील, त्यांची मर्जी असली तर."

मार्थामावशी बराच वेळ उठली नाही. मग उठली. मला वाटलं आता रडेल. तिने सांगितलं की रिबकाला पाठांतर मुळीच येत नसे, म्हणून ती संडेस्कूलच्या बाईंच्या चपला लपवायची, म्हणजे चपला शोधण्यात तास संपायचा. एकदा तर तिने त्या दानपेटीत घातल्या होत्या. लोक आधी चाचरत हसले, मग मोकळे हसले. एक बाई म्हणाली, "त्या चपला माझ्या होत्या." पुन्हा हशा.

"पेटीचं झाकण मी धरलं होतं," मी जागेवरूनच ओरडले. मला ते खरंच आठवलं होतं, रिबकाचे हात, तिचं दाबून धरलेलं हसू, सगळं. दहा वर्षांत पहिल्यांदा. मग मला हुंदका आला तो आवरेना.

घरी जाताना पप्पा माझ्याबरोबर मागे राहिले. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "ते सोंग नव्हतं ना?"

"नाही, पप्पा."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"आईला ठाऊक होतं?"

"हो."

"म्हणजे घरात मीच शेवटचा." त्यांनी रस्त्यातला दगड पायाने बाजूला केला. "मला वाईट वाटतं, शुलू. खोटं नाही सांगणार. मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार. ते सोडायला सांगू नकोस."

"करा की. पण वहीत माझं नाव लिहू नका."

ते हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि मला वाटलं, मोडलेला नाही.

पुढच्या सणाला गेले तेव्हा सवाल-जवाब होता, पण शेवटचं वाक्य काढून टाकलं होतं. पटलं तर पटलं, नाही तर चहा प्यायचा. विरोधक मिळाला नाही की पप्पा मलाच पत्र टाकायचे, "यंदा ये, इथे सगळे माझ्याच बाजूचे झालेत." मी जायचे आणि कडाकडा भांडायचे. त्यांनी मला देवाकडे परत नेलं नाही आणि मी त्यांना तिथून हलवलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं दोघंही एकमेकांना म्हणायचो.

सात वर्षांनी, मी श्रीरामपूरला एका लॅबमध्ये नोकरीला असताना, पप्पांचा फोन आला.

"मार्थाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मोतीबिंदूचं. आठ दिवस त्यांच्याजवळ कुणीतरी हवं. मी तुझं नाव वहीत लिहिलंय."

"पप्पा, वहीत नाही म्हणून ठरलं होतं."

"तू इतक्या वर्षांत ती वही बघितलेली दिसत नाहीस," ते म्हणाले. "नवी केलीय मी, कधीच. उत्तराचा रकाना काढून टाकला. आता नाव, कारण आणि तिसरा, 'कोण जाणार'. तुझं नाव तिसऱ्या रकान्यात आहे."

मी खण उघडून एस.टी.चं वेळापत्रक शोधायला लागले.

"ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारलं.

"येतंय," मी म्हटलं, आणि दुपारच्या एस.टी.ने निघाले.